उद्या सहाला येते

कपाटाच्या खणात, जुन्या विमा पॉलिसींच्या खाली, तीन पावत्या आहेत. तिन्ही जिमच्या, तिन्ही वर्षभराच्या. एक जानेवारीतली, एक गुढीपाडव्याच्या ऑफरमधली आणि एक माझ्या पंचेचाळिसाव्या वाढदिवसाची. पहिल्या जिमला मी सात आठवडे गेले, दुसऱ्या जिमला पाच, तिसऱ्या जिमला जेमतेम तीन. पैसे गेल्याचं दुःख काही दिवसांनी विरलं. मनात राहिला तो एकच निष्कर्ष, जो मी तिन्ही वेळा स्वतःबद्दल काढला होता: आपल्यात चिकाटी नाही.

हा निष्कर्ष चुकीचा होता, हे मला आज ठामपणे सांगायचं आहे. सत्तावीस वर्षं मी बँकेत काउंटरवर बसले. सासूबाईंचं सहा वर्षांचं आजारपण घरात काढलं. मुलीच्या दहावीला आणि बारावीला पहाटे साडेचारला उठून तिच्याबरोबर बसले, थंडी असो की पाऊस. चिकाटी नसलेल्या बाईकडून हे होत नाही. मग व्यायामाच्याच वेळी ती कुठे जात होती? उत्तर सापडायला पन्नाशी उलटावी लागली आणि गच्चीवर एक मुलगी, माझी ट्रेनर, यावी लागली. ट्रेनरचा खरंच उपयोग होतो का, या प्रश्नाचं उत्तरही त्यातच मिळालं.

सुरुवात रिपोर्टपासून झाली. बँकेच्या वार्षिक तपासणीत रक्तातल्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा (एचबीए१सी) आकडा ६.१ आला. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. मला तो कागद खोटा वाटला. माझं वजन ५६ किलो, उंची पाच फूट दोन. आयुष्यभर लग्नाकार्यात ‘तू कुठे जाड आहेस?’ हेच ऐकत आलेली मी. शिवाय रोज संध्याकाळी सारसबागेत मैत्रिणीबरोबर चक्कर असायचीच.

आमच्या डॉक्टरांनी वाद घातला नाही. त्यांनी मला दोन माणसांचा एक फोटो दाखवला, २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेला. एक लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दुसरे आपल्या पुण्याच्या रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशेबातलं वजन, अगदी सारखा: २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्यावर दोघं एकच, आतून मात्र दुपटीहून जास्त फरक. आपली भारतीय शरीरं दिसायला बारीक असली तरी आत स्नायू कमी आणि चरबी जास्त असते, यावर याज्ञिक यांनी पुण्यात कित्येक वर्षं काम केलं आहे. रास्ता पेठेतून मी शेकडो वेळा गेले असेन. माझ्या शरीराचा हिशेब तिथे कुणीतरी मांडत होतं, हे मला पन्नासाव्या वर्षी कळलं.

‘चालणं सोडू नका,’ डॉक्टर म्हणाले, ‘पण तुमच्या स्नायूंना काम द्या. जेवणानंतर रक्तात आलेली साखर सगळ्यात जास्त कोण उचलतं? स्नायू. आणि स्नायू काम करत असतात तेव्हा इन्सुलिन नीट चालत नसलं तरी ते साखर आत ओढून घेतात.’ जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, हे मी ऐकून होते. त्याच सल्ल्यात पुढे आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायामही सांगितलेला असतो. ते पुढचं वाक्य माझ्यापर्यंत कधी पोचलंच नव्हतं.

चौथी पावती फाडायची माझी हिंमत नव्हती. मुलीनेच तिच्या मैत्रिणीच्या ओळखीतून ट्रेनर शोधली. चोवीस वर्षांची मुलगी, भोरकडच्या एका गावातली, शाळेपासून कबड्डी खेळलेली. धनकवडीत आणखी दोघींबरोबर खोली घेऊन राहायची, सकाळी तीन-चार घरी शिकवायची आणि दुपारी पोलीस भरतीचा अभ्यास करायची. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सहा, आमच्या सहकारनगरच्या इमारतीच्या गच्चीवर. महिन्याचे सात हजार. आकडा ऐकून मी गप्प झाले होते. मुलगी म्हणाली, ‘आई, गोळ्या सुरू झाल्या तर त्या जन्मभर.’

पहिल्या दिवशी व्यायाम झालाच नाही. तिने मला एका खुर्चीत बसवलं, हात छातीवर घ्यायला सांगितले आणि तीस सेकंदांत किती वेळा उठून उभं राहता येतं ते मोजलं. एका पायावर उभं केलं. गच्चीच्या दोन पायऱ्या चढायला-उतरायला लावल्या आणि स्वतः खाली बसून माझे गुडघे बघत राहिली. कोणत्या गोळ्या चालू आहेत, बाळंतपण कसं झालं होतं, पाळी अजून येते का, झोप किती, सगळं विचारलं. मग शंभर पानी वहीत लिहिलं: ‘डावा गुडघा आत पडतो. उजव्या पायावर जास्त भार. श्वास धरून ठेवतात.’

ते वाक्य मी तिच्या खांद्यावरून वाचलं आणि डोळ्यांत पाणी आलं. का, ते तेव्हा समजलं नाही. तीन जिममध्ये मिळून पंधरा आठवडे गेले होते मी. तिथे मला छापील तक्ता मिळाला होता, शेजारच्या पंचविशीतल्या मुलालाही तोच. श्वास मी धरून ठेवते, हे कुणी बघितलंच नव्हतं.

आमचे आजोबा शुक्रवार पेठेतल्या तालमीत जायचे. लाल मातीचे, तेल, हळद, ताक मुरवलेल्या त्या मातीच्या वासाचे किस्से मी लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून ऐकले. जोर-बैठकांचे आकडे त्यांनी फारसे कधी सांगितले नाहीत. सांगायचे ते वस्तादांबद्दल. वस्ताद कोपऱ्यात उभे राहून एक शब्दही न बोलता बघायचे, आणि एखादा पठ्ठा दोन दिवस दिसला नाही तर तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी निरोप जायचा. आजोबा म्हणायचे, ‘वस्तादांच्या नजरेला भिऊन नाही गं जायचो, त्या नजरेसाठी जायचो.’ पुण्याला ही नजर नवी नाही. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली योगासनं शिकवायला पुण्यात आले आणि इथेच राहिले. त्यांच्या शिकवण्यात दोर, विटा, पट्टे, खुर्च्या आल्या त्या ज्याचं त्याचं शरीर वेगळं असतं म्हणून. ज्याचा हात जमिनीला टेकत नाही त्याच्या हाताखाली वीट. कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी १९२४ मध्ये महाराष्ट्रीय मंडळ काढलं, त्याच्या मैदानावरही पिढ्या घडल्या त्या शिकवणाऱ्यांच्या देखरेखीत. ‘पर्सनल ट्रेनर’ हा शब्द आत्ताचा, पण समोरच्याचं शरीर बघून त्याला काम देणारं माणूस आपल्याकडे जुनंच आहे.

फक्त त्या तालमीचं दार आजीला बंद होतं. तिच्या वाट्याला जातं, विहिरीचं पाणी आणि वर्षातून एकदा मंगळागौर. मला हे सांगताना आजही अंगात ऊब येते: माझी आजी साठीत बसफुगडी घालायची. उकिडवं बसायचं आणि तसंच बसून, टाचा उचलून, पाय पुढेमागे टाकत फुगडी. आमच्या वाड्यात रात्रभर झिम्मा, पिंगा, फुगड्या चालायच्या आणि पहाटे त्याच बायका चूल पेटवायच्या. पुढे जातं गेलं, विहीर गेली, उकिडवं बसणं गेलं. आम्ही खुर्चीत बसलो, कमोडवर बसलो, ओट्यापाशी उभ्या राहिलो. मंगळागौरही हॉल घेऊन, कलाकार बोलावून करायला लागलो, आम्ही बसून टाळ्या वाजवल्या.

तिसऱ्या आठवड्यात ट्रेनर मला स्क्वॉट शिकवत होती. छाती वर, वजन टाचांवर, गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेने. मला खाली जायची भीती वाटत होती. ती म्हणाली, ‘काकू, बसफुगडी आठवा.’ मी चकित होऊन तिच्याकडे पाहिलं. तिच्या गावात अजून घालतात म्हणे. आम्ही दोघींनी त्या सकाळी सरावाची वेळ संपल्यावर गच्चीवर बसफुगडी घातली, चारच सेकंद, एकमेकींचे हात घट्ट धरून. सूर्य वर येत होता. मला आजीचे तळहात आठवले.

आता मूळ प्रश्नाकडे येते. ट्रेनरचा उपयोग होतो का? तांत्रिक बाजूने नक्की होतो. मी पर्वतीची टेकडी चढायला घाबरायचे. चढताना दम लागायचा, पण खरी भीती उतरण्याची होती. तिने समजावलं की चढताना मांडीचे स्नायू आखडत काम करतात, उतरताना मात्र भार पेलत पेलत लांब होतात. हे दुसरं काम स्नायूंना जास्त झोंबतं, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दुखतात. मग तिने मला पायरीवरून हळूहळू खाली पाय टेकवायचाच सराव दिला, मनात चार आकडे मोजत. महिन्याभरात माझं डंबेल तीन किलोवरून सहा किलोवर गेलं, तरी दंड होता तेवढाच दिसत होता. मी हिरमुसले. ती म्हणाली, ‘आधी मेंदू शिकतो, काकू. आहेत ते स्नायू एकत्र कामाला लावायला. वाढतात ते नंतर.’ हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर आरशात बघून पाचव्या आठवड्यात जिम सोडली नसती.

तरी यातलं बरंचसं आज मोबाईलवर फुकट बघायला मिळतं. जे मिळत नाही ते रविवारी रात्री नऊला यायचं: ‘काकू, उद्या सहाला येते.’ एवढाच मेसेज. जानेवारीत पहाटे साडेपाचला डोळा उघडला की पांघरूण सोडवत नसे. पण त्याच वेळी धनकवडीत एक मुलगी कान बांधून स्कूटर काढत असणार, हे डोळ्यांसमोर यायचं. तिला गच्चीवर एकटीला उभं ठेवणं मला शक्य नव्हतं. मी उठायचे.

आणि मग एक दिवस लख्खकन कळलं. माझी सगळी चिकाटी आयुष्यभर दुसऱ्या कुणासाठी होती. सासूबाई वाट बघत होत्या, मुलीची परीक्षा होती, काउंटरसमोर रांग होती. जिममध्ये माझी कुणीच वाट बघत नव्हतं, एक मी सोडून. आणि स्वतःला वाट बघायला लावणं हे तर माझ्यासारख्या बाईच्या हाडीमासी भिनलेलं. ट्रेनरने मला प्रेरणा दिली असं मी म्हणणार नाही. माझ्या व्यायामाला तिने दुसऱ्या माणसाला दिलेला शब्द करून टाकलं, आणि दिलेला शब्द मला मोडता येत नाही. ही ताकद माझ्याकडे होतीच, तिला वाट मिळाली.

हे सगळ्यांना असंच लागू पडेल असं नाही. माझ्या नवऱ्याला कुणी बघत असेल तर व्यायाम होत नाही. तो एकटाच तळजाई टेकडीवर जातो, बारा वर्षं जातोय, आणि वाटेत कुणी बोलायला आलं तर त्याचा दिवस बिघडतो. पर्वतीवर रोज येणाऱ्यांचं वेगळंच. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधलेल्या देवदेवेश्वराच्या १०३ पायऱ्या, आणि त्या पायऱ्यांवर रोज तीच माणसं. पांढऱ्या टोपीतले एक काका आहेत, त्यांचं नाव मला माहीत नाही, त्यांनाही माझं नाही. पण दोन दिवस खाडा झाला की तिसऱ्या दिवशी वरून उतरता उतरता विचारतात, ‘काय, बरं नव्हतं का?’ ज्यांना सात हजार परवडत नाहीत, आणि बहुतेकांना नाहीच परवडत, त्यांनी असे एक काका जरूर शोधावेत. मी हे अगदी मनापासून सांगते आहे.

ट्रेनर निवडताना मात्र डोळे उघडे ठेवावे लागतात. ट्रेनर होण्यासाठी डॉक्टरांसारखी कायद्याने सक्तीची नोंदणी आपल्याकडे नाही. कुणीही टी-शर्ट घालून शिकवू शकतो. माझ्या एका मैत्रिणीला पहिल्याच आठवड्यात पावडरचा डबा घ्यायला लावला. ती रक्तदाबाची गोळी घेते हे विचारलंही नव्हतं. दुसरीकडे दुखत असताना ‘अजून दोन’ म्हणून ओरडणारा होता, तिचा खांदा सहा महिने गेला. म्हणून मला विचाराल तर मी एकच बघते: पहिल्या दिवशी तो जास्त बोलला की त्याने जास्त बघितलं.

पहिल्या वर्षी गणपतीत माझी घडी मोडली. आमच्याकडे गौरी असतात. सोळा भाज्या, पुरणाचा स्वयंपाक, पाहुणे, मग विसर्जनाला रस्ते बंद. अकरा दिवस गच्चीवर पाय ठेवला नाही आणि बाराव्या दिवशी तोच जुना आवाज आला, ‘झालं, संपलं, नेहमीसारखं.’ पावत्यांच्या खणात चौथी वस्तू पडायची वेळ आली होती. तिला मी लिहिलं, ‘पुढच्या महिन्यापासून बघू.’ तिचं उत्तर आलं, ‘उद्या सहाला येते. फक्त बूट घालून वर या, काही करायचं नाही.’ मी गेले. आम्ही पंधरा मिनिटं खांदे फिरवले आणि गौरींच्या फराळातल्या करंज्या खाल्ल्या. त्यानंतर माझ्या मुलीने मला लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधला फिलिपा लॅली यांचा अभ्यास वाचून दाखवला. ९६ जणांनी एकेक नवी सवय लावून घ्यायचा प्रयत्न केला. सवय अंगवळणी पडायला लागणारा मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, पण माणसामाणसात फरक केवढा, १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत! मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. मी ते दोन आकडे वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवले. माझं सातव्या आठवड्यात सोडणं आठवलं. एकोणपन्नास दिवस. कदाचित माझा आकडा अजून दूर होता, आणि मी त्याला चारित्र्याचा दोष समजून बसले होते.

तेरा महिन्यांनी साखरेचा आकडा ५.७ झाला. उंबरठ्यावरच आहे, पण एक पाऊल मागे. डॉक्टरांनी पाठ थोपटली, मला मात्र त्याहून जास्त आनंद गॅसची टाकी सरकवताना नवऱ्याला हाक मारावी लागली नाही त्या दिवशी झाला होता.

त्याच सुमारास तिची भरती झाली. आठशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक, लेखी, सगळ्यातून निघून यादीत नाव लागलं. पेढे घेऊन गच्चीवर आली ती सकाळ मी विसरणार नाही. वर्षभर तिने माझ्या बैठका मोजल्या होत्या, आणि मी तिला इंग्रजीचे उतारे आणि बँकेतल्या व्याजाची गणितं समजावली होती, सराव संपल्यावर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत. ती माझ्या पाया पडली. मी तिला उठवलं तेव्हा सवयीने ती म्हणाली, ‘कमरेतून नका वाकू काकू, गुडघ्यातून.’

प्रशिक्षणाला जाताना तिने वही माझ्याकडे ठेवली. पहिल्या सोमवारी मी सहाला वर गेले नाही. बुधवारीही नाही. रात्री नऊला फोनकडे बघायचे आणि तो गप्प असायचा. मुलगी म्हणाली, दुसरी बघू या. मी नको म्हटलं. शिकायचं ते शिकून झालं होतं, गुडघा कुठे पडतो हे आता मला आतून कळत होतं. उरला होता फक्त शब्द, आणि तो द्यायला समोर माणूस नव्हतं.

दुसऱ्या रविवारी रात्री नऊला मी वही उघडली. शेवटच्या भरलेल्या पानावर तिचं अक्षर होतं, तिरकं, घाईचं, स्कूटरच्या सीटवर वही ठेवून लिहिलेलं. त्याच्याखाली रेघ मारून मी लिहिलं: ‘उद्या सहाला येते.’ बँकेत वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या खात्यांवर सही करताना जसं नीट लिहायचे, तसं नीट लिहिलं. मग साडेपाचला डोळा उघडला तेव्हा ती वही जेवणाच्या टेबलावर उघडी पडलेली आहे, हे मला माहीत होतं.

त्याला आता पाच महिने झाले. एक नोंद चुकलेली आहे, तापामुळे; तिथे ‘ताप’ असं लिहिलेलं आहे. आज सकाळचं पान असं आहे:

‘शुक्रवार. रात्रभर पाऊस, गच्ची ओली, म्हणून जिन्यात. डंबेल १० किलो, स्क्वॉट ८, ८, ८. तिसऱ्या सेटला शेवटचे दोन कठीण. डावा गुडघा ठीक. श्वास सोडला. सोमवारी सहाला येते.’